चार तोंडांचा कार्बोरेटर

"पाटावर नको ठेवूस ते. जेवायचा पाट हाय माझा."

मी म्हटलं, पण ऐकतो कोण. माझ्या थोरल्यानं, हिंदुरावानं, मुंबईहून आणवलेला कार्बोरेटर फडक्यातून काढला आणि मी जिथं बसून भाकरी खाते त्या पाटावर असा मांडला, जसा काही गणपतीच बसवतोय. पेट्रोलचा वास घरभर झाला.

तेवढ्यात पलीकडचं दार वाजलं. धाकटा, सर्जेराव, आत आला. हातात त्याच्या वडलांच्या जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं. ते त्यानं सोडलं आणि आतला कार्बोरेटर पहिल्याच्या शेजारी ठेवला. शेजारी म्हणजे, शिवू न देता.

"आई, त्यांना सांग," सर्जा माझ्याकडं बघून म्हणाला, "ओरिजिनल कशाला म्हणतात ते डोळं उघडून बघा म्हणावं."

"आई, त्याला सांग," हिंदू भिंतीकडं बघून म्हणाला, "नंबरचा पितळी बिल्ला कुठं हाय तुझ्या ओरिजिनलचा, ते आधी दाखव म्हणावं."

"मी काय टपाल हापिस हाय?" मी म्हणाले. "हातभर अंतरावर बसलाय तो. कान दिलेत देवानं दोघांना, बापासारखे सुपाएवढे. बोला की सरळ."

बोलले नाहीत. वाटणी झाली त्या दिवसापासून त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. सण आले, गेले, पोरं मोठी झाली, पण एका शब्दाची देवघेव नाही.

हे नीट सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल, लोखंडाच्या दोन तुकड्यांसाठी म्हातारीनं दोन बैल घरात कशाला बांधले.

आमचे मालक रंगराव मिस्त्री. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं. एका इनामदारांच्या गाड्या ते सांभाळायचे. इनामदार वाडा विकून पुण्याला निघाले तेव्हा जाताना आपली जुनी ब्युक यांना देऊन गेले. हिरवी, आठ सिलिंडरची, बोळात वळायची नाही एवढी लांब. पेट्रोल अशी प्यायची की मी तिला सवत म्हणायची. पण आमच्या भावकीतली एकूण एक लेक त्याच गाडीतून मांडवात गेली. मालक स्वतः चालवायचे, डोक्याला फेटा बांधून.

त्या गाडीचा कार्बोरेटर चार तोंडांचा. मी एकदा विचारलं, एवढी तोंडं कशाला? तर म्हणाले, "दोन तोंडं रोजच्या खाण्याची, दोन सणाची. ॲक्सिलेटर पार खाली दाबला तरच मागची दोन उघडतात." मी तिसरी शिकलेली बाई, पण हे मला बरोबर कळलं.

मालक गेले आणि वाटणीला पंच बसले. गॅरेज हिंदूला, लेथचा कारखाना सर्जाला. घर मधोमध. आईचं काय करायचं, असं एका पंचानं विचारलं. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या आईचं काय केलंस ते सांग, तसंच करू. तो पान थुंकायला बाहेर गेला. मधली खोली मी माझ्याकडं ठेवली. एक दार हिंदूकडं उघडतं, एक सर्जाकडं. माझी चूल वेगळी. कुणाच्या ताटातलं वाढून घ्यायला मी काही पाहुणी नव्हते.

राहिली गाडी. मालक म्हणायचे, गाडी दोघांची. पण गाडीचे दोन तुकडे कसे करणार? हिंदू म्हणाला, गॅरेज माझ्याकडं, तर गाडीही माझ्याकडंच शोभते. इथवर ठीक होतं. पण वर म्हणाला, "नाही तर सर्जानं कधी गाडीला हात तरी लावलाय?"

सर्जा उठला. पाना घेतला, पंचांच्या देखत बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटर उपटून हातात घेतला. म्हणाला, "हा लावला हात. हा माझा वाटा." आणि आपल्या दारानं आत गेला.

तेव्हापासून हे असं. हिंदूनं गाडीला जीपचा एक तोंडाचा कार्बोरेटर बसवला. गाडी चालायची, पण दमेकऱ्यासारखी. जरा चढ आला की खोकायची आणि बसायची.

मग हिंदूच्या पोरीचं, राजीचं, लग्न ठरलं. एकुलती एक लेक, तीही आजोबांच्या गाडीतूनच मांडवात जाणार म्हणून हटून बसलेली. हिंदूनं मुंबईच्या दलालाकडून चार तोंडांचा कार्बोरेटर आणवला. आणि इकडं धाकटी सून, मालन, पेटी भरताना मला दिसली. लग्नाच्या दिवशीच गडहिंग्लजला, माहेरी जायला. सगळीच्या सगळी माणसं.

"का गं?" मी विचारलं.

"निमंत्रण आलंय की आत्ती," ती म्हणाली. "टपालानं. भिंतीपलीकडनं टपालानं."

ते खरं होतं. हिंदूनं भावाला पत्रिका टपालानं पाठवली होती. पोस्टमन बिचारा दोन्ही दारांकडं बघत उभा राहिला होता. सख्ख्या भावाला अक्षता घेऊन बोलवायला जायचं असतं, हे काय मी सांगायचं? मी सांगितलं. दोघांनाही सांगितलं की एका मांडवात दोघं उभे दिसला नाहीत तर मी ह्या खोलीला आतून कडी घालून बसणार, मग येऊ दे सगळं कोल्हापूर दारात. हिंदू म्हणाला, मी पत्रिका पाठवलीय. सर्जा म्हणाला, मी पत्रिका वाचलीय. झालं.

मग मी एकाच्या कानात एक आणि दुसऱ्याच्या कानात एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही आपापला कार्बोरेटर घेऊन माझ्या खोलीत हजर. एकमेकाच्या उंबऱ्यावर पाऊल टाकलं नसतं मेल्यांनी, पण माझा उंबरा कुणाचाच नव्हता.

"आई, त्याला सांग," हिंदू म्हणाला, "हा बघ बिल्ला. नंबर ठोकलाय त्याच्यावर. ह्याला म्हणतात पुरावा."

"आई, त्यांना सांग, बिल्ला स्क्रूनं बसतो. स्क्रू काढला की कुत्र्याच्या गळ्यात पण बांधता येतो."

सर्जाच्या दारामागं फिसकन आवाज झाला. मालन. तर हिंदूच्या दारामागं बांगड्या वाजल्या. ती कमळ, थोरली.

"कमळे, मालन, उभं राहून पाय दुखतील," मी ओरडले. "बसा खाली आणि ऐका."

दोघांनी आपापली यंत्रं उलटी केली. मग सुलटी केली. हिंदूनं खिशातून ड्रिलची बारीक पाती काढली आणि तोंडात घालून मापं बघू लागला. तोंड म्हणजे कार्बोरेटरचं. सर्जानं बाह्या सरसावल्या. माझ्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसत होते, तीच चार तोंडं, तेच तांबूस-पिवळं अंग, त्याच बारीक दांड्या. एक मात्र चकचकीत होता आणि दुसरा कळकट.

"आई, म्हणावं, अंग बघ ह्याचं. कंपनीतनं आल्यागत हाय."

"आई, म्हणावं, दलालानं पॉलिश मारलंय. नवरदेवाला पण पावडर लावून आणतात."

हिंदूचा कान लाल झाला. मला तो रंग ठाऊक होता. लहानपणी हा रंग चढला की मागोमाग दगड यायचा.

सर्जानं आता आपला कार्बोरेटर माझ्याकडं सरकवला. "आई, तूच सांग. आबा गाडी चालू कशी करायचे?"

"पायानं," मी म्हणाले. "किल्ली फिरवायचे आणि ॲक्सिलेटर दाबायचे. की झाली चालू. पहिल्यांदा बघितलं तर मला वाटलं, गाडी लाथ मारली की ऐकते."

"मग त्यांना सांग. त्या गाडीच्या स्टार्टरचं बटण कार्बोरेटरलाच असतं. हे बघ, कडंला. हे बटण. आता त्यांच्या मुंबईवाल्याला बघ. बटणाची जागा हाय, पण भोकच पाडलेलं न्हाई. सपाट. कंपनी तीच, वर्ष पण तेच असंल. पण हा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा."

हिंदूनं आपलं यंत्र उचललं. उजेडात धरलं. अंगठा त्या सपाट जागेवरनं फिरवला, एकदा, परत एकदा. माझा हिंदू हुशार मिस्त्री होता. त्याला कळायचं ते कळलं. पण कळलं म्हणून कबूल करील तो त्या बापाचा पोरगा कसला.

"आई, त्याला सांग," त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि ते वाईट लक्षण. "असंल ओरिजिनल. पण मेलंय ते. आतल्या पंपाला चामड्याची वाटी असते. तेल-पेट्रोल लागलं न्हाई की वर्षभरात तिचा पापड होतो. ह्यानं इतकी वर्षं रागानं पेटीत कोंडून ठेवलं. आता काय राहिलं असंल आत? मढं आणलंय त्यानं माझ्या पोरीच्या लग्नाला."

लग्नघरात असा शब्द. कमळच्या बांगड्याही थांबल्या.

सर्जा उठून उभा राहिला. पंचांपुढनं उठला होता तसाच. दाराकडं वळला. मला वाटलं, झालं. आता हे दार लागलं की माझ्या मरणालाच उघडणार, आणि तेव्हाही हे दोघं खांदा कुणी आधी द्यायचा ते तिरडीला विचारतील.

"सर्जा, बस खाली," मी म्हणाले.

हिंदूचं लक्षच नव्हतं. तो रागात होता, आणि रागात त्याचे हात चालतात. त्यानं सर्जाचा कार्बोरेटर पुढ्यात ओढला, स्क्रू फिरवले, वरचं झाकण उचललं आणि आतला पंपाचा दांडा ओढून बाहेर काढला, मढं दाखवायला.

दांड्याच्या टोकाला ती वाटी होती. काळी, मऊ. तिच्यातनं तेलाचा एक थेंब माझ्या पाटावर पडला.

हिंदूनं वाटी चिमटीत धरली. दाबली. सोडली. ती फुलून परत होती तशी झाली. मग त्यानं काय केलं, तर मुंबईवाल्याचं झाकण उघडलं आणि त्याचा दांडा काढला. त्याचं चामडं वाळक्या मिरचीच्या सालीसारखं होतं. बोट लागताच तुकडे पडले.

सर्जाचा हात कडीवर होता.

"कुठलं तेल घालतोस?" हिंदू म्हणाला.

हे मला नव्हतं. मी तेल घालत नव्हते. हे सरळ त्याला होतं.

"शिलाई मशीनचं," सर्जा कडीकडं बघत म्हणाला.

"आबा तेच घालायचे."

"म्हायती हाय."

"कवा घालतोस?"

"खंडेनवमीला हत्यारं पुजतो, तवा काढतो. मधनंआधनं पण घालतो."

"महिन्याला घालतात, भाऊजी," दारामागनं मालन म्हणाली. "मला हात लावू देत न्हाईत त्याला. माझं मशीन सुकं राहिलं तरी चालतं."

"तू गप," सर्जा म्हणाला.

"जेट?" हिंदूनं विचारलं.

"साफ हायती. फुकून बघ."

हिंदूनं त्या कळकट यंत्राला तोंड लावलं आणि फुकलं. पेट्रोलच्या बारीक भोकांतनं, त्या जेटांतनं, वारा पलीकडनं निघाला. तोंड पुसायचं सोडून तो तसाच बसला, मिशीला तेल लागलेलं.

"मग आणून का दिला न्हाईस?"

"मागितलास कवा?"

चामड्याची वाटी हिंदूनं परत जागेवर बसवली, अशी जपून, जशी राजीला तान्ही असताना पाळण्यात ठेवायचा. झाकण लावलं. स्क्रू बोटानंच फिरवले. मग उठला, कार्बोरेटर उचलला, दोन पावलं गेला, थांबला आणि तो सर्जाच्या हातात दिला.

"तूच बसव. तूच काढलावतास."

मी चुलीकडं तोंड केलं. चहा ठेवायचा होता, दुसरं काही नाही.

चहा घेऊन मागच्या शेडात गेले तर दोघांची डोकी बॉनेटखाली आणि चार पाय बाहेर. आणि आवाज काय तो!

"वायर तोडलीस स्टार्टरची? अक्कल गहाण ठेवलीवतीस काय रं दादा?"

"मग जीपच्या कार्बोरेटरला बटण कुठलं? वायर काय गळ्यात बांधून हिंडू?"

"गुंडाळून ठेवायचीस की! चार बोटं उरलीय नुसती. आता जोड मारायला लागणार."

"मार की मग. लेथवाला ना तू?"

"लेथवर वायर जोडत न्हाईत, मिस्त्री."

"पाना दे. तो न्हवं, अकराचा."

"अमेरिकन गाडी हाय. इंचाचा पाना लागतो, अकराचा बसत न्हाई हिला, विसरलास व्हय?"

मी कपबशा मडगार्डवर ठेवल्या. सर्जानं डोकं बाहेर काढलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "आणि वर लोकांना सांगत सुटतोस, सर्जाकडचा नकली हाय. आबांनीच बदलून ठेवलावता म्हणं."

"मी?" हिंदूचं डोकं बॉनेटला आपटलं. "मी कवा म्हणालो? तूच म्हणालास, दादाला दलालानं गाढव विकलं, शेजारी ठेवून दाखवतो."

"आईशपथ, मला ठाऊकच न्हवतं तू काय आणलंस ते. मला तर..."

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" मी म्हणाले. "मी तिसरी शिकलेली म्हातारी. मला कार्बोरेटरातलं काय कळतंय?"

"आई!"

"देवानं जीभ दिलीय ती काय नुसती भाकरी ढकलायला? चहा प्या, गार होतोय."

आज राजीच्या पोराला मिसरूड फुटलंय, तरी कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. त्या जिभेचा मला आजही अभिमान आहे.

ऊन कललं तेव्हा कार्बोरेटर बसला. सर्जानं किल्ली फिरवली, पायानं ॲक्सिलेटर दाबला. गाडी एकदा हुंकारली, गप्प झाली. हिंदूनं कुठलातरी स्क्रू अर्धा फेरा फिरवला. परत पाय दाबला, आणि शेडातली कबुतरं उडाली. कमळ आणि मालन दोघी एकाच दारातनं बाहेर आल्या. कुठल्या दारातनं, ते मी बघितलं नाही.

"चाचणी घ्यायला पायजे," हिंदू म्हणाला. "चढावर."

"मी येणार," मी म्हणाले आणि कुणी नाही म्हणायच्या आत मागच्या सीटवर चढून बसले.

पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. सर्जा चालवत होता, हिंदू शेजारी. मधे कान लावून ऐकायचा, मधे डाव्या हातानं डॅशबोर्ड थोपटायचा. वाघबिळाचा चढ समोर आला. जीपचा कार्बोरेटर होता तेव्हा गाडी इथं गुडघे टेकायची.

"दाब," हिंदू म्हणाला.

"थांब, पहिलाच दिवस हाय. निम्म्यावर चाललंय की."

"दाब म्हणतो न्हवं. मागची दोन उघडू देत."

सर्जानं पाय खाली नेला. पार खाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग बॉनेटखाली काहीतरी खोल घशातनं गरजलं, कुणीतरी मला छातीला धरून सीटवर ढकलल्यासारखं झालं, पदर उडाला, आणि रस्त्याकडची झाडं मागं पळायला लागली.

"मेल्यांनो! लग्नाआधी माझं तेरावं घालता काय?"

दोघं हसले. दोघं. हिंदू तर असा हसला की त्याला ठसका लागला आणि सर्जानं एका हातानं त्याच्या पाठीत धपाटे घातले.

"समोर बघ, समोर बघ!"

"बघतोय. तू खोक निवांत."

चढ संपत आला तसा सर्जानं पाय उचलला. मग तो काचेतनं बाहेर बघत, जसं काही हवापाण्याचं बोलतोय तसं म्हणाला, "राजीला मांडवापर्यंत मी आणणार."

माझ्या हातात पदराचं टोक होतं. ते तसंच राहिलं.

"तू कशाला?" हिंदू म्हणाला. "मी बाप हाय. मी चालवणार."

"बापानं मांडवाच्या दारात उभं राहायचं असतं, व्याह्यांच्या गळ्यात हार घालायला. गाडी काका चालवतो."

"कुठल्या शास्त्रात लिवलंय?"

"आबांनी आपल्या किती पुतण्या पोचवल्या? तेच शास्त्र."

"ब्रेक मारताना झटका देतोस तू. पोरगी मुंडावळ्यांसकट काचेवर आदळंल."

"आणि तू? मगाशी चढावर मीच चालवत होतो म्हणून वाचलास. फेटा बांधलास की तुला उजवीकडचं दिसत न्हाई."

"फेटा मी तुझ्याआधी बांधायला शिकलोय."

"अजून सुटतोय की तुझा. कमळवहिनींना विचार."

"तुझ्या वहिनीला मधे घेऊ नको. आणि हॉर्न कशाला वाजवतोस, म्हस हाय ती, तिला रस्ता ठाऊक हाय."

गडहिंग्लजचं नाव कुणी काढलं नाही. अक्षता घेऊन हिंदू त्याच संध्याकाळी कमळला घेऊन पलीकडच्या दारात गेला, आणि त्यासाठी दोघांना मधली माझी खोली ओलांडावी लागली, पण ते नंतरचं. तेव्हा गाडीत ते दोघं नुसते भांडत होते. फेट्यावरनं, ब्रेकवरनं, म्हशीवरनं, वायरीच्या त्या चार बोटांवरनं परत. मी मान मागं टेकली. सीटला जुन्या कातड्याचा आणि पेट्रोलचा वास होता. माझे डोळे मिटले.

पन्हाळ्याच्या नाक्यावर गाडी थांबली.

"हळू बोल की," हिंदू कुजबुजला. "आई झोपलीय."

"मी हळूच बोलतोय. तूच वरडतोयस."

"मी वरडतोय? मी?"

मी जागी होते. पण डोळे उघडले नाहीत.